‘पाद्री सांगतो, मेंढरं जातात’ : निनावी यांना उत्तर

निनावी,

अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षीय उमेदवारी आणि आयोवा राज्यातली चर्चेस यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “पाद्री सांगतो, मेंढरं जातात. एवढीशी गोष्ट सांगायला इतकी भाटगिरी कशाला?” पुढे आणखी चार मुद्दे आहेत. पण आधी याच वाक्याचं बघू, कारण मला टोचलं ते हेच आणि तुमचं चुकलंय तेही इथेच.

भाटगिरी कसली? 2016 च्या उमेदवारीच्या शर्यतीतले टेड क्रूझ यांची आयोवातली बांधणी चोख होती असं लिहिलं म्हणजे मी त्यांची आरती ओवाळली का? 2008 पासून प्रत्येक कॉकसचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायला गावोगावच्या सभांत होणाऱ्या मतदानाचे, आकडे मी काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) वहीत उतरवत आलोय. तुम्ही एका ओळीत निकाल लावून मोकळे. आणि ज्या मतदारांच्या फसवणुकीबद्दल तुम्हाला एवढा कळवळा, त्यांनाच मेंढरं म्हणायचं! असो.

तुम्ही दाखवलेली एक चूक मान्य. 2012 च्या कॉकसमध्ये मिट रॉम्नी 8 मतांनी जिंकल्याचं मी लिहिलं होतं. ते त्या रात्री जाहीर झालं तसं. नंतर प्रमाणित झालेल्या मोजणीत त्यांचे प्रतिस्पर्धी रिक सँटोरम 34 मतांनी पुढे निघाले, 29,839 विरुद्ध 29,805. आठ केंद्रांचे कागद तर सापडलेच नाहीत. लेखात दुरुस्ती केली आहे. “गूगलही करता येत नाही का” हे शेपूट मात्र जोडलं नसतंत तरी चाललं असतं.

आता मेंढरांकडे. ‘पाद्री’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वसईचा नाहीतर गोव्याचा झग्यातला फादर उभा राहतो. त्याला बिशप नेमतो, बिशपच बदलीवर पाठवतो. आयोवातल्या बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या पास्टरच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, डोक्यावर बिशप नसतो. त्याला चर्चची मंडळी नेमते, मंडळीच काढते, पगार रविवारच्या अर्पणातून निघतो. त्याने पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या जागेवरून, क्रूझचं नाव घेतलं, तर प्रतिस्पर्धी रुबिओला मानणारी दोन-चार कुटुंबं पुढच्या रविवारी शेजारच्या चर्चमध्ये बसलेली दिसतील. त्यात 1954 ची जॉन्सन दुरुस्ती : करमाफी हवी तर संस्थेने उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. म्हणून पाठिंब्याच्या याद्यांत पास्टरचं नाव ‘वैयक्तिक’ म्हणून छापतात. सभासदांची यादी एकाच उमेदवाराला फुकट देणंही करमाफीवर बेतू शकतं. मग पास्टर काय करतो? संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून ओळखीच्यांना एकेक करून विचारतो, सोमवारी येताय ना?

त्या फोनची किंमत कळायला कॉकस कसा चालतो ते माहीत हवं. दिवसभरात सवडीने जाऊन बटण दाबायचा प्रकार तिथे नाही. ऐन थंडीत, कामाच्या दिवशी, संध्याकाळी 7 वाजता शाळेत, वाचनालयात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये स्वतः हजर राहायचं. दारात नोंदणी तपासतात. रिपब्लिकन म्हणून नोंद नसेल तर तिथेच अर्ज भरून करता येते. प्रत्येक उमेदवाराच्या वतीने कुणी तरी दोन-तीन मिनिटं बोलतं. मग कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, घडी घालायची, चिठ्ठ्या गोळा होतात आणि मोजणी तिथल्या तिथे. 2016 साली विक्रमी गर्दी झाली, तरी आकडा सुमारे 1,87,000 च. केंद्रं 1,700 च्या आसपास. म्हणजे केंद्रामागे सरासरी 110 माणसं! चर्चच्या एका व्हॅनमधून बाराजण उतरले की त्या खोलीतली दहा टक्क्यांहून जास्त मतं उतरली. या बाराजणांचं मत आधीच ठरलेलं असतं. प्रश्न असतो तो घरची ऊब सोडून ते येतील का, एवढाच.

म्हणूनच क्रूझ यांच्या माणसांनी 99 च्या 99 काउंट्यांत एकेक पास्टर गाठायचा चंग बांधला. उमेदवारीची घोषणाही मार्च 2015 मध्ये केली ती व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या लिबर्टी या ख्रिस्ती युनिव्हर्सिटीत, जिथे विद्यार्थ्यांना त्या सभेला हजेरी सक्तीची होती. 2008 मध्ये उमेदवारी मागणाऱ्या माईक हकबींकडे रॉम्नींच्या मानाने पैसाच नव्हता. ते स्वतः माजी बॅप्टिस्ट पास्टर, आणि त्यांच्या मदतीला आलं ते मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांचं जाळं. या पालकांचे एकमेकांशी रोजचे फोन असतात, घरात हाताशी मोठी पोरं असतात. हकबी 34 टक्क्यांवर गेले, रॉम्नी 25 वर थांबले.

आणि मोठ्या नेत्यांनी ‘सांगितल्यावर’ काय होतं तेही बघा. 14 जानेवारी 2012 ला टेक्सासमधल्या एका रँचवर दीडशेच्या आसपास इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणारे प्रोटेस्टंट) पुढारी जमले आणि मतदानाच्या तिसऱ्या फेरीत मोठ्या बहुमताने सँटोरम यांच्या पाठीशी उभे राहिले. बरोबर आठवड्याने साउथ कॅरोलायनात दुसरेच इच्छुक न्यूट गिंग्रिच 40 टक्के मतं घेऊन जिंकले, सँटोरम तिसरे. 2023 च्या नोव्हेंबरात आयोवातले इव्हँजेलिकल नेते बॉब व्हँडर प्लाट्स यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध उतरलेल्या रॉन डिसँटिसना पाठिंबा दिला. राज्याच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्सही त्यांच्याच बाजूला. 15 जानेवारी 2024 चा निकाल : ट्रम्प 51 टक्के, डिसँटिस 21. मेंढरं कुठे गेली हो?

ट्रम्प यांचं 2016 तर आणखी मजेशीर. 18 जानेवारीला त्याच लिबर्टीत ते ‘टू कॉरिंथियन्स’ म्हणाले. बायबलातल्या त्या पत्राला अमेरिकेत ‘सेकंड कॉरिंथियन्स’ म्हणतात. आपल्याकडे ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ म्हणायच्या जागी कुणी ‘दोन करिंथकर’ म्हणावं, तसं ते झालं. पोरं हसली. आठ दिवसांनी युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष जेरी फॉलवेल ज्युनियर यांनी पाठिंबा दिला, तरी आयोवा क्रूझनीच घेतलं. पण 20 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात, जिथे दहातले सात मतदार इव्हँजेलिकल होते, त्यांच्यातही ट्रम्प पहिले आले आणि तिथले सगळे 50 डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, घेऊन गेले. तिथे प्रायमरी होती, दिवसभराचं मतदान. व्हॅनमधल्या बाराजणांना तिथे कोण विचारतो?

तुमचे बाकीचे मुद्दे. पैशाचं म्हणाल तर लेखाचा विषय तो नव्हता. रॉम्नी मॉर्मन या वेगळ्या पंथाचे असण्याबद्दल मी आधीच एक परिच्छेद लिहिलाय, वाचला असतात तर दिसला असता. आषाढीच्या महापूजेशी केलेली तुलना सपशेल गैरलागू : पंढरपुरात पूजा करणारा आधीच मुख्यमंत्री झालेला असतो.

राहिला शेवटचा : “हकबी, सँटोरम, क्रूझ तिघेही आयोवा जिंकून उमेदवारी हरले, मग या यंत्रणेचा उपयोग काय?” यावर सवडीने वेगळं लिहीन. तूर्त एवढंच, की 2016 मध्ये आयोवाचे एकूण 30 डेलिगेट होते, पहिल्या आलेल्या क्रूझना त्यातले 8 मिळाले, दुसऱ्या आलेल्या ट्रम्प यांना 7, आणि उमेदवारीला लागत होते 1,237. यावरून तुम्हाला जो निष्कर्ष काढायचा तो काढा, पण तो पाद्र्यांवर ढकलू नका.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही. ‘भाटगिरी’सकट तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी मात्र नाव घालून लिहा.