तीन बाइटचा बाण

प्रकरण काल मिटलं म्हणे. माझ्यापुरतं मिटलेलं नाही.

झालं असं की टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा, फॉन्ट मी हौसेने नवा केला आणि प्रॉम्प्टमधल्या, म्हणजे आज्ञेआधी दिसणाऱ्या ओळीतल्या, निम्म्या चित्रांचे चौकोन झाले. दुखणं जुनंच आहे. २०२३ साली नर्ड फॉन्ट्स या चित्रंवाल्या फॉन्टसंचाच्या तिसऱ्या आवृत्तीत मटेरियल डिझाइन नावाच्या गटातली चित्रं जुन्या युनिकोड पत्त्यांवरून, म्हणजे प्रत्येक चिन्हाला नेमून दिलेल्या क्रमांकांवरून, उठवून नव्या पत्त्यांवर नेली, आणि प्रॉम्प्ट सजवणारी माझी थीम बिचारी अजून जुन्याच दारावर टकटक करत होती. थीमवाल्यांनी पत्ते कधीच सुधारले होते. पण ज्या पॅकेज-संग्रहातून मी ती घेतो, तिथे जुनी आवृत्ती धूळ खात पडलेली. म्हटलं, आपणच करून टाकू. दोन ओळींचं तर काम: आवृत्तीचा आकडा आणि त्याखालचा हॅश, म्हणजे फाइलींचा अंगठ्याचा ठसा.

हॅश काढायची रीत मोठी गमतीची. मुद्दाम खोटा हॅश लिहायचा, बिल्ड, म्हणजे पॅकेज बांधायचं काम, लावायचं आणि मुकाट शिव्या खायच्या. यंत्र लाल अक्षरांत ओरडतं, ‘तू सांगितलास तो हा, मला मिळाला तो हा!’ मिळालेला, ४४ अक्षरांचा, शेपटाला ‘बरोबर’चं (=) चिन्ह लावलेला, उचलायचा आणि चिकटवायचा. ओरडताना उत्तरही हातावर ठेवतं बिचारं. माणसाकडून एवढीच अपेक्षा धरून मी बदल पाठवला. कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची चिठ्ठी, नियमाप्रमाणे: थीमचं नाव, जुना आकडा, बाण, नवा आकडा.

दुसऱ्या दिवशी बदल तपासणारे रिव्ह्यूअर अवतरले.

“बाण चुकीचा आहे.”

मी बाण पाहिला. जुन्याकडून नव्याकडे निघालेला, सरळ, टोकदार. विचारलं, “चुकीचा म्हणजे?”

दोन दिवसांनी उत्तर आलं. “नियमात बाण आहे. हा तो बाण नाही.”

मी तो खोडून पुन्हा काढला. आडवी रेघ, मग ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह. फोर्स पुश केला, म्हणजे जुन्यावर नवं दामटून पाठवलं. सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून धावल्या.

“अजून तोच आहे.”

“अहो, आत्ताच बदलला!”

“तुमचा बाण तीन बाइटचा आहे. दोन बाइटचा हवा.”

बाणाचं वजनही करतात हे मला नवीन होतं. शेवटी मेसेज हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइटच्या आकड्यांत, उघडला, तर खरंच, ई२ ८६ ९२. मी रेघ आणि चिन्ह टाइप करायचो, आणि माझा अतिशहाणा एडिटर पाठ वळताच त्यांचा एक अखंड युनिकोड बाण करून टाकायचा. दिसत कसं नव्हतं? कारण मी लिगेचरवाला, म्हणजे शेजारची अक्षरं जोडून दाखवणारा, फॉन्ट घेतलाय. त्यात खरे दोन बाइटही जोडून बाणासारखेच दिसतात! म्हणजे चुकीचा आणि बरोबर बाण माझ्या पडद्यावर जुळे भाऊ. एवढं मला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. पण नाही, परीक्षेत गुण कापायचे आणि पेपर दाखवायचा नाही.

आणि भांडण कशावरून, तर जिचा निम्मा जन्म बाण मिरवण्यात जातो अशा थीमवरून! ती ज्या शेलवर, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामवर, चढते त्याचंच घ्या. १९९० साली प्रिन्स्टनमध्ये पॉल फॉल्स्टॅड नावाच्या विद्यार्थ्याने हा झेडएसएच लिहिला आणि नाव दिलं तिथल्याच एका शिक्षक-सहाय्यकाच्या लॉगिनचं. चांगलं वाटलं, दिलं. त्याला कोणी विचारलं नाही की हे नाव किती बाइटचं.

नियमाला कारण आहे, मान्य. इतिहास चाळणाऱ्या स्क्रिप्टा ती दोनच अक्षरं शोधतात. पण फुकट काम करायला आलेल्या माणसाला बाणासाठी अकरा दिवस उभं करायचं, आणि दोन ओळींच्या मूळ बदलाकडे, ज्यात हॅश आहे, ज्यात खरोखर काही बिघडू शकतं, त्याकडे एकदाही पाहायचं नाही? थीम चालते का, एवढंही कुणी विचारलं नाही. असो. असो म्हटल्याने काही होत नाही, पण म्हणतो.

एडिटरचं ते शहाणपण बंद केलं, बाण दुरुस्त केला, पुश केला. बाइट मोजले, दोन भरले. खुशीत पान ताजं केलं, तर माझी बदलाची विनंती बंद. शेरा: ‘डुप्लिकेट’.

संग्रहाचा आवृत्त्या आपोआप वाढवणारा बॉट पहाटे येऊन हाच बदल करून गेला होता. तोच आकडा, तोच हॅश. माझ्यानंतर दहा दिवसांनी आला, तरी डुप्लिकेट मी. त्याचा बाण मी मोजला, दोन बाइटचा होता. त्याखाली आमच्याच रिव्ह्यूअरनी लिहिलं होतं, “सुंदर काम, मनापासून आभार”, आणि पुढे लाल बदाम.

बॉटला.

तो बदामही मी हेक्समध्ये उघडला. सहा बाइट.