मराठीत फंक चालत नाही म्हणे!

मराठवाड्यातल्या वादकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: इलेक्ट्रॉनिक, फंक (अमेरिकेतलं ठेक्यावर नाचवणारं संगीत), आफ्रोबीट (नायजेरियातलं तालप्रधान संगीत) ही सरमिसळ इंग्रजीतच चालते, असे बँड एका गाण्यापुरते असतात, आणि मशीन आलं की वाजवणाऱ्याचा हात संपतो. लातूर-परभणीकडची ऑक्टोपॅडवरची (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवरची) तयारीची पोरं हे वाचून कच खातात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी भाषा. लंडनचा इबिबिओ साउंड मशीन हा बँड 2013 मध्ये सुरू झाला. त्याची गायिका इनो विल्यम्स नायजेरियात वाढली आणि गाते ती इंग्रजीसोबत आईच्या इबिबिओ भाषेतही. 2014 च्या पहिल्या अल्बममध्ये लहानपणी घरात ऐकलेल्या गोष्टी आहेत, बोलणाऱ्या माशाची, कासवाची. ही भाषा बोलणारे मराठीच्या मानाने फारच थोडे. 2011 च्या जनगणनेत 8 कोटींहून जास्त लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली, आणि आपण ऐकणारे नाहीत म्हणून रडायचं?

एका गाण्यापुरते? याच बँडचे 2017, 2019, 2022 आणि 2024 मध्ये आणखी चार अल्बम आले. यावर जास्त बोलायची गरज नाही.

मशीनचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण पोरं घाबरतात ती इथंच. या बँडमध्ये सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन वाजवणारेच सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्यही वाजवतात. गिटारवर घानाचे आल्फ्रेड बॅनरमन होते. 2022 चा अल्बम हॉट चिप या इलेक्ट्रॉनिक बँडसोबत केला, तरी त्यात फुंकणारी आणि ठोकणारी माणसं आहेतच. आफ्रोबीट मुळात हातांचंच संगीत आहे. नायजेरियातल्या लागोसमध्ये गायक फेला कुटी आणि ड्रमर टोनी अॅलन यांनी हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं संगीत), जॅझ, फंक आणि तिथल्या योरुबा लोकांचे ताल एकत्र आणून ते घडवलं. गिटारचा छोटा तुकडा कितीतरी मिनिटं फिरत राहतो, ड्रमवर हातपाय वेगवेगळं बोलतात, गायक ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात.

आता आपल्याकडचा देवीचा गोंधळ आठवा. तुणतुणं एका सुरावर धरून बसलेलं, संबळाचा एक नग कडक, दुसरा खर्जाचा, मुख्य गोंधळी ओळ सोडतो आणि झील धरणारे ती झेलतात. हे मला आफ्रोबीटच्या फार जवळचं वाटतं, आणि तुळजापूरच्या वाटेवर वाढलेल्या पोरांना ते शिकवावं लागत नाही.

फक्त एक करा. संबळाचा आवाज सॅम्पल करून, म्हणजे रेकॉर्ड करून, पॅडवर टाकू नका, संबळवाल्यालाच माईक द्या. त्याची चाल पॅडवर पुन्हा वाजवू नका. तो थांबतो त्या जागेत तुमचा बास येऊ द्या, आणि गाणं चार मिनिटांत संपवायची घाई करू नका.