पिशवी सरकत नाही, काका. वाळू मात्र टोचते

तालुक्याच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या की खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या मोबाईलवर एक निरोप फिरायला लागतो. यंदाही आला, हात जोडलेल्या चित्रासकट. मजकूर असा: मुलींना उंच उडीत उतरवू नका, पिशवी (गर्भाशय) सरकते, पुढं मूल राहत नाही, पाठीवर पडून मणका जातो, खेळ मुळात पुरुषांचा, त्यात आपल्या बुटक्या पोरींना मिळणार काय? आमच्या गल्लीत दोन आयांनी हे वाचून पोरींची नावं मागं घेतली, म्हणून लिहिते.

पिशवीचं आधी. गर्भाशय पोटात सुटं लोंबकळत नसतं. बंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याला धरून असतात. अंग बाहेर येण्याचा त्रास बहुतेक वेळा बाळंतपणांमुळं, वयामुळं, जुनाट खोकल्यामुळं, वर्षानुवर्षं ओझी उचलल्यामुळं होतो. म्हणजे तो निरोप पुढं ढकलणाऱ्या काकांच्या घरी धोका असलाच तर उसाच्या वाड्याचा भारा डोक्यावरून आणणाऱ्या काकूंना आहे, नातीला नव्हे. काकूंसाठीचा निरोप काही मला अजून आलेला नाही.

आणि मूल? नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कुननं 1943 साली 1.71 मीटरचा जागतिक विक्रम केला तेव्हा तिच्या घरी लहान पोर होतं. बल्गेरियाच्या स्टेफका कोस्टादिनोव्हानं 1987 मध्ये रोमला 2.09 मीटर उडी मारली. नंतर ती आई झाली आणि 1996 ला अटलांटात 2.05 मीटर पार करून ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेली. तिचा तो विक्रम मोडायला 2024 चा जुलै उजाडला. युक्रेनच्या यारोस्लाव्हा माहुचिखनं पॅरिसमध्ये 2.10 मीटर मारले. पाळीचं म्हणाल तर काही खेळाडूंची पाळी चुकते हे खरं आहे, पण सराव दांडगा आणि जेवण तुटपुंजं असलं की तसं होतं. पोरीला भाकरी वाढा, उडी कशाला तोडता?

पुरुषांचा खेळ म्हणे! 1928 ला ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ॲथलेटिक्स मिळालं ते पाच प्रकारांत, आणि उंच उडी त्या पाचांतली एक.

उंचीचा मुद्दा निम्मा खरा. उंच मुलीच्या शरीराचा तोलाचा बिंदू आधीच वर असतो, तिला तेवढा फायदा मिळतोच. पण इटलीची अंतोनिएत्ता दी मार्तीनो 1.69 मीटरची, तिनं 2007 मध्ये 2.03 मीटर पार केले, स्वतःच्या डोक्यावर 34 सेंटीमीटर. कर्नाटकच्याच सहाना कुमारीनं 2012 साली 1.92 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. शेवटची वळणदार धाव आणि एका पायाचा रेटा शिकवावा लागतो. तो न शिकवता पोरीला बुटकी ठरवणं सोपं.

आता मणका. इथं मात्र काकांशी माझं भांडण कमी आहे. टीव्हीवर दिसते ती पाठ वळवून मारायची फॉस्बरी उडी. अमेरिकेच्या डिक फॉस्बरीनं 1968 ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये 2.24 मीटर मारून ती गाजवली, आणि ती जमली कारण खाली फोम होता. स्पर्धेची गादी सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, 70 सेंटीमीटर जाड असते. आमच्याकडं वाळूचा खड्डा, तोही पावसाळ्यानंतर दगडासारखा बसलेला. त्यात पोरगी टीव्ही बघून पाठीवर पडली तर मान मोडेल, पोरगा पडला तरी मोडेल. मी शाळेत असताना आम्ही सीझर मारायचो: कात्रीसारखे पाय टाकून पलीकडं पायांवरच उतरायचं. तिला कुणी कमी लेखू नये. रुमानियाच्या योलांदा बालाशनं जवळजवळ तशाच उडीनं 1961 मध्ये 1.91 मीटर गाठले होते.

हरियाणाच्या पूजा सिंगनं लहानपणी बांबूची आडवी काठी आणि पेंढा भरलेली पोती यांवर सराव केला. 2025 ला दक्षिण कोरियातल्या गुमीत 1.89 मीटर मारून ती आशियाई विजेती झाली. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, तर खानापुरात ढिगानं पडलेलं असतं. तरी पोत्यांवर सीझरच मारू द्या, फॉस्बरी नको. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास समितीच्या, पुढच्या बैठकीत गादीचा विषय काढायला मी जाणार आहे. काकांनीही यावं, मणक्याची काळजी त्यांनीच आधी केली आहे. तोवर कुदळ घेऊन खड्डा तरी भुसभुशीत करून घेऊ, आणि त्या दोघींची नावं परत लिहून घेऊ.