अभिषिक्ताचा मान आणि सभासदाचा प्रश्न

मंडळ्यांच्या (चर्चच्या) वार्षिक सभांचे दिवस आले की एक वचन हमखास कानांवर पडते. दानार्पणाचा हिशोब, मंडळीच्या जागेचा एखादा करार किंवा संस्थेतील नेमणुका यांविषयी एखाद्या सभासदाने प्रश्न विचारला की बायबलमधील 105व्या स्तोत्रातील शब्द उच्चारले जातात, "माझ्या अभिषिक्तांस हात लावू नका", आणि सभा गप्प होते. अभिषिक्त म्हणजे देवाने अभिषेक करून नेमलेला, आणि येथे तो शब्द पाळकांना लावला जातो. विचारणारा खाली बसतो, कारण आपल्या विश्वासणाऱ्या माणसाच्या मनात देवाचे भय खरोखर असते, आणि ते असायलाच हवे. परंतु या वचनाचा असा उपयोग करण्याने देवाच्या अधिकाराचा मान राखला जात नाही, उलट तो दुखावला जातो, असे माझे ठाम मत आहे. पाळकपदाविषयी लहानपणापासून आदर बाळगणारा एक सभासद म्हणून मी हे लिहीत आहे.

ते स्तोत्र उघडून मागच्या दोन-तीन ओळींसकट वाचावे. तेथे इस्राएलाचे पूर्वज अब्राहाम, इसहाक व याकोब यांची गोष्ट चालली आहे. ते संख्येने अगदी थोडे होते, परक्या देशात उपरे होते, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकत होते, आणि देवाने कोणालाही त्यांच्यावर जुलूम करू दिला नाही. त्यांच्यासाठी त्याने राजांना धमकावले. म्हणजे हे शब्द राजांना उद्देशून आहेत. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी, ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांना उपद्रव देऊ नये, अशी ती ताकीद आहे. आज व्यासपीठ, शिक्का आणि चेकबुक ज्यांच्यापाशी आहे त्यांनी तीच ताकीद शेवटच्या बाकावरच्या विधवेला ऐकवावी, हे त्या वचनावर अन्याय करणारे आहे.

अर्थात, अभिषिक्ताला प्रश्न विचारू नये हा युक्तिवाद केवळ या एका स्तोत्रावर उभा नाही, याची मला जाणीव आहे. त्याचा खरा आधार दाविदाच्या चरित्रात शोधला जातो, आणि तो आधार बळकटही आहे. इस्राएलाचा अभिषिक्त राजा शौल तीन हजार निवडक माणसे घेऊन, पुढे राजा झालेल्या दाविदाच्या मागावर होता. एन-गेदीच्या रानात तो ज्या गुहेत एकटा शिरला, तिच्याच आतल्या भागात दावीद आपल्या माणसांसह बसला होता. सोबत्यांनी सांगितले की देवानेच शत्रूला तुझ्या हाती दिले आहे. दाविदाने केवळ त्याच्या झग्याचा काठ कापून घेतला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. परमेश्वराच्या अभिषिक्तावर मी हात टाकणार नाही, असे तो म्हणाला आणि त्याने आपल्या माणसांना आवरले. पुढे हकीला टेकडीवर झोपलेल्या शौलाच्या उशाशी उभे राहून दाविदाचा सोबती अबीशय याने त्याला मारण्याची परवानगी मागितली, तेव्हाही दाविदाचे उत्तर तेच होते. हा प्रसंग वाचताना प्रत्येक वेळी माझे मन भरून येते. ज्याला मारण्याचे सर्व कारण आणि पूर्ण संधी होती, त्या माणसाने देवाने नेमलेल्या वेळेची वाट पाहिली.

पण आपल्या प्रवचनांत ही गोष्ट बहुधा येथेच थांबवली जाते, आणि शास्त्रात मात्र ती पुढे चालू राहते. शौल बाहेर पडल्यावर दावीद त्याच्यामागे गुहेच्या बाहेर येतो, त्याला "माझे स्वामीराज" अशी हाक मारतो, भूमीपर्यंत मस्तक लववून नमन करतो, आणि मग सर्व सैन्याच्या देखत विचारतो की दावीद तुमचे वाईट करू पाहतो, असे सांगणाऱ्यांचे आपण का ऐकता? तो कापलेला काठ पुरावा म्हणून दाखवतो. परमेश्वर तुमच्यामाझ्यामध्ये न्याय करो, असे तो राजाला तोंडावर सांगतो. शौल रडतो, आपली चूक कबूल करतो. तरीही दावीद त्याच्याबरोबर परत जात नाही, तो आपल्या गडाकडे निघून जातो. त्याने हात उचलला नाही, पण जीभही बांधून ठेवली नाही. त्याच्या नमनात आणि त्याच्या प्रश्नात मला तरी काही विरोध दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच भयातून आल्या आहेत, आणि ते भय शौलाचे नाही.

याच्या दोनच अध्याय आधी नोब येथील प्रसंग आहे, आणि त्याविषयी मी फार क्वचित प्रवचन ऐकले आहे. दाविदाला भाकर दिली म्हणून शौलाने अहीमलेख याजकाला व त्याच्या घराण्याला ठार करण्याचा हुकूम सोडला. राजाच्या स्वतःच्या चाकरांनी परमेश्वराच्या याजकांवर हात उचलायचे नाकारले. शेवटी दवेग अदोमी याने ते काम केले आणि त्या दिवशी 85 याजक मारले गेले. शौल त्या दिवशीही अभिषिक्तच होता. अभिषिक्ताची आज्ञा ज्यांनी पाळली नाही त्यांना शास्त्र दोष देत नाही, आणि ज्याने ती तत्परतेने पाळली त्याचे नाव आपण आजही तिरस्काराने घेतो. देवाच्या अधिकाराचा मान म्हणजे वरून आलेला प्रत्येक हुकूम उचलून धरणे, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या चाकरांविषयी काय म्हणायचे ते ठरवावे.

कोरहाचा दाखला तर नेहमीच पुढे केला जातो. कोरह, दाथान व अबीराम 250 सरदारांना घेऊन इस्राएलाचा पुढारी मोशे व याजक अहरोन यांच्याविरुद्ध उठले आणि देवाने त्यांना कठोर शिक्षा केली. हे वचन मऊ करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. कोरहाला न्याय नको होता, त्याला याजकपद हवे होते. देवाने ज्याला नेमले त्याची जागा हिसकावून घेणे हे पाप आहे आणि आजही आहे. मात्र त्याच अध्यायात मोशे परमेश्वराला काय सांगतो तेही वाचावे: मी त्यांच्यापासून एक गाढवदेखील घेतले नाही, आणि त्यांच्यातल्या कोणाचेही वाईट केले नाही. शमुवेल संदेष्ट्याने तर म्हातारपणी सर्व इस्राएलाला बोलावून स्वतःच प्रश्न टाकला की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणावर जुलूम केला, कोणाच्या हातून लाच घेतली, ते परमेश्वरासमोर व त्याच्या अभिषिक्तासमोर सांगा, म्हणजे मी ते परत देईन. ज्याच्या हातून शौल आणि दावीद या दोघांचाही अभिषेक झाला, तो मनुष्य लोकांसमोर उभा राहून आपला हिशोब देतो. त्याने असे केले म्हणून त्याच्या पदाचे तेज कमी झाले, असे एकही वचन मला सापडलेले नाही.

नव्या करारातही हीच रीत दिसते. यरुशलेमेत रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर हेल्लेणी (ग्रीक बोलणाऱ्या) यहूद्यांनी केली, तेव्हा बारा प्रेषितांनी त्यांच्यावर बंडाचा आरोप ठेवला नाही. त्यांनी सर्व शिष्यगणाला बोलावले आणि सात जणांची निवड करायला लावली. अंत्युखियात प्रेषित पेत्र विदेश्यांच्या (यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या) पंक्तीतून मागे सरला, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर विरोध केला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना पौल दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात मांडतो: चांगला अधिकार चालवणारे वडील (मंडळीचे पुढारी) दुप्पट सन्मानास योग्य आहेत; दोघा-तिघा साक्षीदारांवाचून वडिलावरचा आरोप ऐकू नकोस; आणि जे पाप करीत राहतात त्यांचा सर्वांदेखत निषेध कर. आपण बहुतेक वेळा यांतले एकच वाक्य निवडतो. पाळकांचा पक्ष पहिले निवडतो, विरोधी पक्ष तिसरे निवडतो, आणि मधले, जे दोघांनाही आवर घालते, ते कोणालाच आठवत नाही.

ते मधले वाक्य माझ्यासारख्या सभासदांनी विशेष मनावर घ्यावे, असे मला वाटते. पाळकांविरुद्ध निनावी पत्रके वाटणे, ऐकीव गोष्ट व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणे, पाळकसाहेबांच्या मुलाबाळांवरून टोमणे मारणे, मंडळीतल्या प्रत्येक मतभेदाचा दावा थेट न्यायालयात नेणे, हा कोणत्याही अर्थाने दाविदाचा मार्ग नाही. अनेक पाळकांचे वेतन तुटपुंजे असते आणि त्यांची बदलीची टांगती तलवार संपत नाही. कोणाच्या घरी आजारपण वा मयत असेल तर मध्यरात्रीही तेच धावून जातात. अशा सेवकावर पुराव्यावाचून चिखल उडवणारा माणूस देवाच्या नेमणुकीचाच अपमान करतो, हे मी तितक्याच ठामपणे म्हणतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाशी प्रामाणिकपणे झुंजलेली व्यक्ती म्हणून मला पंडिता रमाबाई आठवतात. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, आणि त्यांच्या अँग्लिकन हितचिंतकांनी त्यांना अधिकाऱ्यांचे ऐकण्याचा सल्ला दिला. 1885 साली वाँटेजच्या अँग्लिकन साध्वी सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्रात रमाबाईंनी या आशयाचे उत्तर दिले की भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, तेव्हा धर्माधिकाऱ्यांकडून येणारी प्रत्येक गोष्ट परात्पर देवाची आज्ञा समजून तशाच दुसऱ्या जोखडाखाली जायला मी तयार नाही. त्यांच्यावर गर्विष्ठपणाचा ठपका आला. पण त्याच बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळींना सांभाळले आणि आयुष्याची अखेरची वर्षे मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. देवाच्या वचनाखाली इतके वाकलेले जीवन क्वचितच दिसते. माणसाच्या हुकुमाला त्यांनी जो नकार दिला तोही याच वाकण्याचा भाग होता, अशी माझी समजूत आहे.

कफर्णहूमातील शताधिपतीने (शंभर शिपायांवरील रोमी अधिकाऱ्याने) प्रभू येशूला सांगितले की मीसुद्धा ताबेदार मनुष्य आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. त्याने आपली ताबेदारी आधी सांगितली आणि शिपाई नंतर. इतका विश्वास मला इस्राएलात आढळला नाही, असे प्रभू त्याच्याविषयी म्हणाला. मंडळीतील अधिकार मला असाच समजतो: जो स्वतः कोणाच्या तरी अधीन आहे, त्याच्याच शब्दाला वजन येते. पेत्रानेही वडीलजनांना कळपावर धनीपण करू नका, कित्ते (उदाहरणे) व्हा, असे लिहिले, आणि मुख्य मेंढपाळ प्रकट होणार आहे याची आठवण दिली. इब्री लोकांस पत्रातले "आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा" हे वाक्य आपण आवडीने उद्धृत करतो. पण ते अधिकारी आपणास हिशोब द्यावयाचा आहे असे समजून तुमच्या जिवांची राखण करतात, हे त्याच वाक्यात आहे.

आपल्या मंडळ्यांच्या घटनांतही (नियमावलींतही) हे सूत्र आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बिशपपद मानणारे अँग्लिकन आणि मंडळीच्या सभेला महत्त्व देणारे काँग्रिगेशनल परंपरेचे लोक एकत्र आले. बिशपपद स्वीकारले गेले, पण ते घटनेच्या चौकटीत. कॅथोलिक बांधवांच्या 1983 च्या धर्मसंहितेतही, श्रद्धावंतांनी मंडळीच्या हिताविषयीचे आपले मत धर्मगुरूंना कळवणे हा त्यांचा हक्क आणि प्रसंगी कर्तव्यही मानले आहे, आणि प्रत्येक पॅरिशमध्ये (स्थानिक धर्मग्रामात) वित्त समिती असावी असे सांगितले आहे. म्हणजे प्रश्न विचारणे ही बाहेरच्या जगातून मंडळीत शिरलेली गोष्ट नाही.

पौल यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू त्याने बरोबर घेतला. या मोठ्या रकमेच्या कामात कोणी आम्हांला दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो, आणि केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करतो, असे त्याने करिंथकरांना लिहिले. यंदाच्या वार्षिक सभेपूर्वी आपापल्या पाळकसाहेबांना व कमिटीला दोन गोष्टींची नम्र विनंती करावी, असे मी सर्व बंधुभगिनींना सुचवतो: लेखापरीक्षण झालेला हिशोब सभेच्या किमान एक रविवार आधी छापून सभासदांच्या हाती द्यावा, आणि सभेच्या आरंभी शास्त्रवाचन म्हणून पहिले शमुवेल, अध्याय 12 मधील पहिली पाच वचने वाचावीत.