निनाद यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: वजनाची अट नेमकी कोणावर?

निनाद,

मॉडेल्ससाठी किमान वजनाची अट हवी, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन: बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) भोंगळ आहे, खेळाडूंना असले नियम नाहीत, आणि ‘काटा घेऊन परक्या पोरींना जोखायला तुम्हाला नेमलं कोणी?’ हा शेवटचा सूर मला अजिबात आवडलेला नाही. मुद्दा असेल तर मांडा, अंगावर कशाला येता? मी आहारतज्ज्ञ आहे. काट्यावर उभं राहायला घाबरणाऱ्या मुली माझ्यासमोर रोज बसतात, त्यामुळे ‘नेमलं कोणी’ हे मला तरी ऐकवू नका.

बीएमआयला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, हे मान्य.

पण जोखलं कोणाला जातं? फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलला तब्येत ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर 75 हजार युरोपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, तीही काम देणाऱ्याला, मुलीला नव्हे. एरवी तिला जोखतो तो सॅम्पलचा, म्हणजे शोमध्ये घालून दाखवायचा नमुन्याचा कपडा. तो आधीच एका मापात शिवून तयार असतो; चेन लागली नाही की काम दुसरीला. कपडा कोणी उसवत नाही, मुलीनेच आटायचं. एलव्हीएमएच आणि केरिंग या बड्या फॅशन कंपन्यांनी 2017 मध्ये बायकांचं फ्रेंच 32 हे अगदी बारीक मापच बाद केलं, ते म्हणूनच मला काट्याइतकं महत्त्वाचं वाटतं.

ब्राझीलची मॉडेल आना कारोलिना रेस्तोन नोव्हेंबर 2006 मध्ये गेली, तेव्हा तिचं वजन 40 किलोच्या आसपास होतं. 1.72 मीटर उंचीला हा बीएमआय साडेतेरा होतो. माद्रिदच्या फॅशन वीकने त्याच वर्षी सप्टेंबरात किमान 18 बीएमआयची अट घातली होती, 1.75 मीटर उंचीला ती साधारण 55 किलो भरते. आता मोजणीत फसवाफसवी कशी होते ते बघा. याच उंचीची 53.3 किलोची मुलगी दोन लिटर पाणी पिऊन आली, की 17.4 चे 18 होतात. म्हणून वजन आधी न कळवता, लघवी करून आल्यावर, हलक्या कपड्यांत घ्यायचं आणि उंची अनवाणी, भिंतीला टेकवून मोजायची. सोबत नाडी, उभं राहिल्यावरचा रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम, आणि पाळी येते का, हेही बघायचं. सारखी उलटी काढणाऱ्या मुलीचं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, मग बीएमआय 18.5 का असेना.

राहिले खेळाडू. स्की जंपिंगमध्ये, म्हणजे पायाला लांब पट्ट्या (स्की) बांधून बर्फाच्या उतारावरून लांब उडी मारण्याच्या खेळात, 2004 पासून बीएमआय ठरलेल्या आकड्याखाली गेला, की स्की आखूड घ्याव्या लागतात. हवेतली उचल घटते आणि हडकुळेपणाचा फायदा संपतो. लिहिण्याआधी एवढं तरी शोधायचं होतं.