काही मदत लागली तर सांगा

डोंबिवलीत माणसांची टंचाई आहे, असे कोणी म्हटले तर त्याला सकाळी आठच्या सुमारास रेल्वेच्या फलाटावर नेऊन उभे करावे. गर्दीचे सोडा, उत्साहाचीही येथे कमतरता नाही. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा याच गावात १९९९ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून ढोल बडवायला, लेझीम खेळायला, फेटे बांधायला आणि त्याहून अधिक संख्येने फेटे बांधून घ्यायला लोक आपण होऊन येतात. अशा गावात मे महिन्यातल्या एका रविवारी, चार तास टेबलामागे बसून रक्तदात्यांचे अर्ज भरून घेण्यासाठी दहा-बारा माणसे मिळू नयेत, हे कोडे आमच्या परिसरातील नागरिक मंडळाने माझी ‘स्वयंसेवक समन्वयक’ या पदावर नेमणूक केल्यापासून मला छळत आहे. हे पद मिळाल्याबद्दल माझे अभिनंदन करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव होता, त्याचा अर्थ मला नंतर कळला. ज्याला आपण पगार देत नाही त्याला रागावता येत नाही, ज्याला रागावता येत नाही त्याला उशिरा येण्यावरून जाब विचारता येत नाही आणि जो मुळात आलाच नाही त्याचे तर उलट पुढच्या वेळेसाठी आभारच मानून ठेवावे लागतात. समन्वयकाच्या हाती फक्त विनंती असते.

शिबिर मे महिन्यातच का, असे मला प्रत्येक जण विचारतो. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन आहे, रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा तो जन्मदिवस. १ ऑक्टोबर हा आपल्याकडचा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन आहे. शिवाय नेत्यांचे वाढदिवस आहेतच. परंतु नेमक्या याच दिवशी जिकडेतिकडे शिबिरे होत असल्यामुळे रक्तपेढीच्या शीतकपाटात पिशव्या ठेवायला जागा उरत नाही, आणि साध्या पिशवीतले रक्त टिकते ३५ दिवस. खरा तुटवडा पडतो तो मे महिन्यात. महाविद्यालये बंद असतात, कार्यालयांतील लोक रजेवर असतात, निम्मे गाव कोकणात आंबे खायला गेलेले असते आणि अपघात, बाळंतपणे व शस्त्रक्रिया मात्र सुट्टी घेत नाहीत. म्हणून रक्तपेढीचे समाजसेवा अधिकारी हात जोडून सांगतात की एका दिवसात पाचशे पिशव्यांचा विक्रम नको, दर तीन महिन्यांनी साठ पिशव्या द्या, आणि त्यातल्या एका खेपेला मे महिना साधा. हे तर्कशास्त्र निर्दोष आहे. त्यात अडचण एवढीच की ज्या कारणाने मे महिन्यात रक्तदाते मिळत नाहीत, त्याच कारणाने स्वयंसेवकही मिळत नाहीत, कारण ती माणसेही त्याच गाडीने त्याच कोकणात गेलेली असतात.

तारीख ठरवण्यासाठी घेतलेली सभा माझ्या स्मरणात विशेष आहे. रविवार हवा, यावर एकमत झाले आणि त्यानंतर एकमत झाले नाही. पहिल्या रविवारी लग्नाचा मोठा मुहूर्त होता. दुसऱ्या रविवारी वैद्यकीय प्रवेशपरीक्षा असल्याने पालकवर्ग परीक्षाकेंद्राच्या फाटकाबाहेर उभा राहणार होता. तिसऱ्या रविवारी एका सदस्याच्या मते क्रिकेटचा सामना होता; तो संध्याकाळी होता आणि शिबिर सकाळी, परंतु मनाची तयारी सकाळपासून करावी लागते असे त्यांचे म्हणणे पडले. उरलेल्या रविवारी संकष्टी निघाली. उपवास असलेल्या व्यक्तीचे रक्त घेत नाहीत, हे मी सांगताच साबुदाण्याची खिचडी भरपेट खाल्लेल्या माणसाला उपवास आहे असे म्हणावे की नाही, या प्रश्नावर सभेत जी चर्चा झाली, तिच्या निम्म्या उत्साहाने एखाद्याने खुर्च्या उचलायचे कबूल केले असते तर माझे काम झाले असते. शेवटी मुहूर्ताचा रविवार घेतला. ‘लग्नाला आलेले पाहुणे जाता जाता रक्त देतील,’ असा आशावाद एका ज्येष्ठ सदस्यांनी व्यक्त केला आणि तो इतिवृत्तात नोंदवला गेला.

मग मी माणसे गोळा करू लागलो. येथे ज्यांना या कामाचा अनुभव नाही त्यांना एका वाक्यापासून सावध करणे मला आवश्यक वाटते. ‘काही मदत लागली तर सांगा’ हे ते वाक्य. ते जिन्यात, भाजीच्या गाडीजवळ, देवळाच्या पायरीवर, अत्यंत जिव्हाळ्याने उच्चारले जाते आणि बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी खरोखरच मदतीची इच्छा असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु मदत लागली, असे आपण सांगितले की ती व्यक्ती दचकते. ‘हक्काने सांगा’ म्हणणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी हक्काने सांगितले की, ‘काका, रविवारी सकाळी साडेसातला शाळेत या, बाके हलवायची आहेत.’ काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘अहो, तसली नव्हे. काही मार्गदर्शन वगैरे लागले तर.’ मार्गदर्शनासाठी आमच्याकडे प्रतीक्षायादी आहे. बाके हलवण्यासाठी नाही.

व्हॉट्सॲपवरचा गट हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ‘रविवारी कोण कोण येणार?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून तेथे अंगठे उमटतात. पूर्वी सावकाराच्या वहीत एकदा अंगठा उठला की जमीन जात असे. येथे शंभर अंगठे उठले तरी एक माणूस घराबाहेर पडत नाही. अंगठ्याचा अर्थ ‘मी येतो’ असा समजून नवखा समन्वयक चहाची मागणी नोंदवतो, तर मुरलेला समन्वयक तो ‘निरोप वाचला’ असा घेतो आणि दूरध्वनी करू लागतो. माझा अनुभव असा की जे खरोखर येतात ते गटावर काहीच लिहीत नाहीत. ते आदल्या रात्री फक्त ‘किती वाजता?’ एवढे विचारतात.

रक्तपेढीच्या सहवासात राहून मी स्वयंसेवकांचे जे वर्गीकरण केले आहे, ते त्या शास्त्राला सोडून नाही. दान केलेल्या रक्ताचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी दोन ते सहा अंश तापमानात आठवडेच्या आठवडे शांतपणे टिकतात. हे आमचे निवृत्त लोक, ज्यांना थंड जागा, पंखा आणि वेळेवर चहा दिला की कुठेही हलत नाहीत. रक्तद्रव उणे तीस अंशांखाली गोठवला की वर्षभर राहतो, पण वापरण्यापूर्वी ऊब देऊन वितळवावा लागतो. हे वर्षातून एकदा उगवणारे हितचिंतक, ज्यांच्याशी आधी अर्धा तास मुलांच्या प्रवेशाबद्दल बोलावे लागते. आणि प्लेटलेट केवळ पाच दिवस टिकतात, त्यासुद्धा एका यंत्रावर अहोरात्र हलवत ठेवल्या तर. आमच्या परिसरातील बहुसंख्य स्वयंसेवक हे प्लेटलेट आहेत. सोमवारी सभेत ‘कामाला लागू या’ म्हणणाऱ्या माणसाला रोज सकाळ-संध्याकाळ हलवत राहिले नाही, तर शनिवारी तो मुदतबाह्य झालेला असतो.

या सर्वांत प्रामाणिक कोण, असे विचाराल तर मी राष्ट्रीय सेवा योजनेतील मुलांचे नाव घेईन. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास सेवा करावी लागते. सुट्टीमुळे गावात उरलेली चार-पाच मुले आली आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘सर, तास किती धरणार?’ मंडळातील काहींना हा प्रश्न खटकला, निःस्वार्थ सेवेचे संस्कार उरले नाहीत असेही बोलले गेले. परंतु फलकावर आपले छायाचित्र कोणत्या रांगेत आणि केवढे असावे यावरून ज्यांच्यात दोन दिवस अबोला होता, त्यांनी हे बोलावे याची मला गंमत वाटली. मुलांनी तास मागितले, तास भरले, बाके हलवली, पाण्याचे पिंप पहिल्या मजल्यावर चढवले आणि सह्या घेऊन ती निघून गेली. त्यांपैकी एकाला अठरा पूर्ण व्हायला महिना बाकी असल्याने रक्त देता आले नाही, म्हणून तो हिरमुसला होता. त्याचे मात्र तास कोणी मोजले नाहीत, त्याने स्वतःही नाही.

शिबिराच्या सकाळी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होता. तो प्रत्येक रविवारी कोठे ना कोठे असतोच, त्यामुळे त्याचा राग धरण्यात अर्थ नसतो. परंतु आमच्या शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सद्गृहस्थांनी ‘मेगाब्लॉकमुळे येता येत नाही, क्षमस्व’ असा निरोप पाठवला, तेव्हा रेल्वेच्या सामर्थ्याविषयीचा माझा आदर वाढला. नोंदणीच्या टेबलावर ऐन वेळी एका निवृत्त प्राध्यापकांना बसवावे लागले. त्यांचे अक्षर सुंदर आहे आणि ज्ञान अफाट. रक्तगटाच्या रकान्याशी येताच ते थांबत आणि समोरच्या दात्याला सांगू लागत की ‘बॉम्बे’ नावाचा एक अतिदुर्मिळ रक्तगट आहे, डॉ. य. मो. भेंडे यांनी तो १९५२ मध्ये आपल्या मुंबईतच शोधला, साध्या तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो आणि अशा माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. माहिती अचूक होती, ऐकणारे भारावून जात होते आणि रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. मी त्यांना अत्यंत आदराने चहापानाच्या खोलीत हलवले. रक्त दिल्यावर दात्याने थोडा वेळ बसून राहावे असा नियम आहे, आणि प्राध्यापकांसमोर बसलेला एकही दाता नियमापूर्वी उठू शकला नाही. योग्य माणूस योग्य जागी, असे म्हणतात ते हेच असावे.

भेटवस्तूंचा प्रश्न आदल्याच आठवड्यात उपस्थित झाला होता. पलीकडच्या प्रभागात पाठीवरची पिशवी देतात, आपण निदान डबा तरी द्यावा, असा आग्रह होता. पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले, तेव्हा निदान तो धंदा डब्याच्या रूपाने परत आणू नये, असे मी म्हणालो आणि खजिनदारांनी मला आयुष्यात प्रथमच पाठिंबा दिला. त्यांचे कारण वेगळे होते, पण ठराव संमत झाला. दात्यांना चहा, केळे, बिस्किटे आणि प्रमाणपत्र मिळाले.

स्वयंसेवकांचा माझा खरा साठा मात्र मला अगदी अनपेक्षित जागी सापडला. रक्त घेण्यापूर्वी बोटातून काढलेला एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. तो बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसे, तरंगत राहिला तर नाही. ज्याचा थेंब बुडतो तोच येथे तरतो. हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागते आणि वजन किमान ४५ किलो. शेजारच्या इमारतीतील भिशीमंडळाच्या बायका सगळ्या मिळून, नीट नाश्ता करून, हौसेने आल्या होत्या आणि त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणींचे थेंब वर तरंगत राहिले. घरातील सर्वांचे डबे भरणाऱ्या बाईचे स्वतःचे रक्त साडेबाराला पोचत नाही, ही गोष्ट आमच्याकडे इतकी नेहमीची आहे की रक्तपेढीच्या परिचारिकेने मानसुद्धा वर केली नाही. लोहाच्या गोळ्यांची माहिती असलेला कागद तिने पुढे केला आणि पुढच्या नावाचा पुकारा केला. ‘म्हणजे आमचे रक्त चालत नाही?’ असे एका काकूंनी ज्या स्वरात मला विचारले, त्याला उत्तर देण्याऐवजी मी म्हणालो, ‘काकू, नोंदणीचे टेबल रिकामे आहे.’

काकू बसल्या. त्यांच्यामागून बाकीच्या आल्या. पंधरा मिनिटांत एकीने रांगेचे दोन भाग केले, दुसरीने वयाचा पुरावा आधीच हातात धरायला लावला, तिसरीने उपाशी आलेल्या तीन तरुणांना हाताला धरून केळी खायला बसवले आणि चौथीने फलकासमोर स्वतःचे छायाचित्र काढून घेणाऱ्या आमच्या पदाधिकाऱ्यांना ‘भाऊ, जरा बाजूला व्हा, दाते आत येऊ द्या’ असे सांगितले, जे सांगण्याचे धाडस मला आजतागायत झालेले नाही. मी एवढे दिवस गटावर आवाहने लिहीत होतो. या बायकांना कोणी आवाहन केले नव्हते, कोणी पद दिले नव्हते, आणि फलकावर त्यांच्यापैकी एकीचेही नाव नव्हते. तेव्हापासून मी ‘स्वयंसेवक पाहिजेत’ असे लिहीत नाही. समोर दिसेल त्या माणसाच्या हातात दोरी, यादी किंवा किटली देतो. रिकाम्या हाताचा माणूस मार्गदर्शन करू लागतो.

समाजसेवा अधिकाऱ्यांना हव्या होत्या तेवढ्या पिशव्या मिळाल्या. पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, असे सांगून त्यांनी निघता निघताच ऑगस्टमधील रविवार मागून घेतला. ऑगस्टमध्ये शाळेत रविवारीही शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा वर्ग असल्याने वर्गखोल्या मिळणार नव्हत्या, हे तेव्हाच लक्षात आले, परंतु तो विचार मी संध्याकाळवर ढकलला, कारण त्याआधी आभाराचा निरोप लिहायचा होता. आभाराचा निरोप हे शिबिराहून अवघड काम आहे. त्यात नाव राहिले तर माणूस कायमचा जातो. मी भिशीमंडळाच्या सर्व जणींची नावे प्रथम लिहिली, मग मुलांची, डॉक्टर, परिचारिका, चहावाले, मंडपवाले, शाळेचे शिपाई, आणि खबरदारी म्हणून ‘सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतक’ असेही जोडले.

दहा मिनिटांत मेगाब्लॉकवाल्या सद्गृहस्थांचा दूरध्वनी आला. त्यांचे नाव यादीत नव्हते. आपण सोमवारी सर्वांत आधी अंगठा दिला होता, निरोप तीन गटांवर पुढे पाठवला होता आणि शरीराने नसलो तरी मनाने सकाळपासून शिबिरातच होतो, असे त्यांनी दुखावलेल्या स्वरात सांगितले. मी त्यांचे सगळे ऐकून घेतले, क्षमा मागितली आणि सुधारित निरोपात ‘विशेष आभार’ या शीर्षकाखाली त्यांचे नाव ठळक अक्षरांत घातले, कारण त्यांच्या सोसायटीचे सभागृह तळमजल्यावर आहे, त्यात आठ पंखे आहेत आणि ते त्या सोसायटीचे अध्यक्ष आहेत.