नेत्याच्या सांत्वनाचं करायचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी म्हटलं होतं की दुर्घटना घडली की नेत्यांनी तिथल्या माणसांना भेटायला जायलाच हवं, आणि न जाणाऱ्यापेक्षा जाणारा बरा. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे सगळे मगरीचे अश्रू आहेत, नेते मतं असतील तिथेच जातात, त्यांच्या बंदोबस्तापायी मदतकार्य खोळंबतं, आणि माझ्यासारखे लोक त्यांना माणुसकीचं सर्टिफिकेट देत बसतात. शेवटी विचारलंत, "उद्या तुमच्या घरात असं घडलं आणि कुणी कॅमेरे घेऊन दारात आला, तर आत घ्याल का?"

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी तुमच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं, हेही तुम्ही लिहिलंय. त्यामुळे तुमचा राग पुस्तकी नाही. त्या रात्री पुण्यात आणि आसपास वीसहून जास्त माणसं गेली. विधानसभेची निवडणूक जाहीर होऊन चार दिवस झाले होते. पुढच्या आठवड्यात तुमच्या गल्लीत सगळ्या पक्षांची माणसं येऊन गेली, आणि ओढ्याकाठच्या सीमाभिंतींचा प्रश्न मात्र पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला. हे तुम्ही सोसलंय आणि मी बाहेरून पाहिलंय, तेव्हा त्याबद्दल मी तुम्हाला शिकवायला जाणार नाही.

मतांचा तुमचा मुद्दा तर मी आणखी पुढे नेईन. त्याच वर्षी २९ जूनला कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. बहुतेक कुटुंबं बिहारमधून आलेली. आंबिल ओढ्याकाठी निदान दारं होती, नेत्यांना उभं राहायला. कोंढव्यातल्या मजुरांकडे जायचं तर जायचं कुठे? त्यांचं घर पत्र्याचं, तेही भिंतीखाली गेलेलं, आणि मतदारयादीतलं नाव शेकडो मैलांवरच्या गावात. कुणाच्या दुःखाला पाहुणे येतात आणि कुणाच्या येत नाहीत, हे या शहरात राहणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी नीट बघावं. पण यातून निघतं काय? कोंढव्यातल्या मजुरांकडेही तितकंच जायला हवं होतं, त्या माणसांच्या गावीही जायला हवं होतं, हेच ना? म्हणजे तुमची तक्रार आणि माझी मागणी एकमेकींच्या फार लांब नाहीत.

आपलं खरं भांडण आहे ते अश्रूंवरून. नेत्याच्या मनात काय चाललंय हे तुम्ही ओळखलंय असं तुम्हाला वाटतं. मला ते ओळखता येत नाही, आणि कुणाला येतं असंही मला वाटत नाही. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट वॉर्सामधल्या ज्यू घेट्टोच्या उठावाच्या स्मारकापुढे गेले, पुष्पचक्र वाहिलं आणि ओल्या फरशीवर एकदम गुडघे टेकून बसले. आज ते छायाचित्र शाळेच्या पुस्तकांत दाखवतात. त्या वेळी 'डेर श्पीगल' या साप्ताहिकानं लोकांचं मत घेतलं, तेव्हा ४८ टक्के लोकांना तो अतिरेक वाटला आणि ४१ टक्के लोकांना योग्य. जो माणूस तरुणपणी हिटलरच्या राजवटीतून निसटून परदेशात राहिला होता, त्याच्याबद्दल त्याच्या स्वतःच्या देशातलं हे मत! त्या गुडघे टेकण्याला वजन आलं ते वेगळ्या गोष्टीमुळे. त्याच दिवशी ब्रांट यांनी पोलंडशी करार करून युद्धानंतरची सीमा मान्य केली, आणि या साऱ्या धोरणापायी पुढे दीड वर्षात त्यांच्यावर अविश्वास ठराव आला. तो थोडक्यात फेटाळला गेला. त्यांनी त्या हावभावाची किंमत मोजायची तयारी ठेवली होती, एवढं बाहेरून दिसतं. आतलं दिसत नाही.

आपल्याकडे कुणाच्या घरी मयत झालं की माणसं समाचाराला जातात. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना खरंच किती वाईट वाटलंय, हे कुणी विचारत नाही. जायचं असतं म्हणून जातात, सतरंजीवर टेकतात, फार बोलत नाहीत, निघताना "येतो" म्हणत नाहीत. घरातलं कुणी संतापून डॉक्टरला, नशिबाला, अगदी आलेल्या माणसालाही बोललं, तरी ते ऐकून घेतात. समाचाराला गेलेल्यानं उलटून बोलायचं नसतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं.

नेत्याच्या भेटीकडे मी याच नजरेनं बघते. दुःखात असलेल्या माणसाचा राग आणि त्याचे प्रश्न झेलायला तो थांबतो का?

२४ जुलै २०२४ च्या रात्री खडकवासल्यातून पाणी सोडलं, पुढे विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या भागात लोकांच्या घरांत नदी शिरली. पाणी ओसरल्यावर मी तिकडच्या एका सोसायटीत ओळखीच्यांकडे मदतीला गेले होते. पार्किंगमध्ये सगळ्या दुचाकी गाळानं एकाच रंगाच्या झालेल्या, कंपाउंडच्या भिंतीवर भिजलेल्या गाद्या, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चिखलाची रेघ. फाटकापासून आतपर्यंत कुणीतरी घाईघाईनं ब्लिचिंग पावडर मारलेली, त्यावरून कळलं की कुणीतरी मोठं येतंय. एक लोकप्रतिनिधी आले. एका आजींनी त्यांना विचारलं, "पाणी सोडणार हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी हात जोडले, "बघतो आजी" म्हणाले, आणि कार्यकर्त्यांनी वाट करून दिली. दुपारी दुसरे एक आले. आजींनी तोच प्रश्न विचारला, या वेळी जरा वरच्या पट्टीत. हे गृहस्थ चिखलात उभे राहिले. बरोबरच्या अधिकाऱ्याला पुढे बोलावून म्हणाले, "यांना उत्तर द्या." अधिकाऱ्यानं जे सांगितलं त्यानं आजींचं समाधान झालं नाही, आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलं. गृहस्थ तरीही उभे होते. दोघांपैकी कुणाला जास्त वाईट वाटलं हे मला माहीत नाही. पण दोघांत फरक नव्हता, असं तुम्ही म्हणाल का?

हा फरक कधीकधी फार उघडा पडतो. मुंबई हल्ल्यात मेजर संदीप उन्नीकृष्णन शहीद झाले. केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन बंगळुरूला त्यांच्या घरी गेले, तर वडिलांनी संतापानं त्यांना आत घ्यायला नकार दिला. त्यांना तो हक्क होताच. त्यानंतर मुख्यमंत्री जे बोलले त्याचा आशय असा की हे संदीपचं घर नसतं तर तिथे कुत्रंही फिरकलं नसतं. देशभर संताप उसळला आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. सांत्वनाला निघालेला माणूस बापाचं रागावणं सहन करू शकला नाही. लंडनमध्ये जून २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली. पंतप्रधान थेरेसा मे दुसऱ्या दिवशी तिथे गेल्या, अग्निशमन दलाच्या लोकांशी बोलल्या आणि रहिवाशांना न भेटताच परतल्या. तो प्रसंग त्यांना कायमचा चिकटला. वर्षभरानं त्यांनी स्वतःच त्याबद्दल खंत बोलून दाखवली.

बंदोबस्तामुळे मदत खोळंबते, हा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. किल्लारीच्या भूकंपानंतर मुख्यमंत्री शरद पवार लगेच तिथे पोचले होते, पण पंतप्रधान नरसिंह राव यांना त्यांनी काही दिवस येऊ नका अशी विनंती केली आणि रावांनी ती मानली. जुलै २०२१ च्या पुरात, मदतकार्याशी संबंध नसलेल्यांनी दौरे टाळावेत असं सांगताना पवारांनी ही आठवण काढली होती. ज्याच्या हातात यंत्रणा आहे त्यानं जावं आणि बाकीच्यांनी रस्ता मोकळा ठेवावा. न जाणं हीसुद्धा सहानुभूती असू शकते. आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात असताना बोटीतून हसत काढलेला मंत्र्यांचा व्हिडिओ महाराष्ट्रानं पाहिलाच आहे. त्याच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे एक शब्द नाही.

आता तुमच्या सर्टिफिकेटच्या आरोपाकडे येते, कारण तो मला सर्वांत लागला. जाणाऱ्याला मी बरा म्हटलं ते त्याच्या भेटीनं हिशेब मिटतो म्हणून नाही, त्या भेटीपासून हिशेब सुरू होतो म्हणून. वेल्समधल्या ॲबरफॅन गावात २१ ऑक्टोबर १९६६ ला कोळसा खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचा डोंगर शाळेवर घसरला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन त्याच दिवशी पोचले. राणी एलिझाबेथ आठव्या दिवशी गेली आणि त्या उशिराबद्दल तिच्यावर टीका झाली. म्हणजे वेळेच्या परीक्षेत विल्सन पास. पण गावाच्या डोक्यावर उरलेले ढीग हलवायची वेळ आली तेव्हा त्यांच्याच सरकारच्या काळात, लोकांनी मृतांच्या कुटुंबांसाठी जमवलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं. उशिरा आलेली राणी मात्र पुढे अनेकदा त्या गावात गेली. पहिल्या दिवशीचे चेहरे पाहून यातलं काय ओळखता आलं असतं?

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसं गाडली गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह तिथे होते. घोषणा झाल्या, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर काम झालं: नवं गाव वसवलं, एप्रिल २०१७ मध्ये थाटात ताब्यात दिलं. त्याच जूनच्या पहिल्या पावसात रस्ते खचले, जमिनीला भेगा पडल्या आणि आधीच एकदा डोंगर अंगावर घेतलेली माणसं पुन्हा रात्रभर जागू लागली. माझ्या मते खरी भेट तेव्हा द्यायची होती, कॅमेरे नसताना. आणि १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जण गेले. नव्या पुलासाठी निधी आधीच मंजूर होता, काम सुरू झालं नव्हतं. शोकसंदेश त्याच संध्याकाळी आले. कामाचा आदेशही इतक्या तत्परतेनं निघाला असता तर संदेशांची वेळ आली नसती.

पानशेतच्या पुराबद्दल जुन्या पुणेकरांशी बोलून बघा. १२ जुलै १९६१ नंतर कुठल्या नेत्याचे डोळे भरून आले हे क्वचितच कुणी सांगतं. यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनासाठी प्रशासक स. गो. बर्वे यांना पुण्यात आणलं, गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, हे सांगतात. आणि त्याच दमात हेही सांगतात की पूरग्रस्त सोसायट्यांच्या जागेच्या मालकीसाठी पुढची पिढी म्हातारी होईपर्यंत खेटे घालावे लागले.

म्हणूनच "सगळी नाटकं आहेत" हे तुमचं वाक्य मला धोक्याचं वाटतं. ते नेत्याला टोचत नाही, उलट मोकळं करतं. सगळंच नाटक ठरलं की कुणी काय कबूल केलं होतं याची नोंद ठेवायचं कारणच उरत नाही. जो तुमच्या दारात येऊन, चार लोकांसमोर, हातात हात घेऊन काही बोलून गेला, त्याला पुढच्या वर्षी "तुम्ही आमच्या घरी आला होतात" असं म्हणता येतं. ट्विट करून बसलेल्याला ते म्हणता येत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. माझ्या घरात असं घडलं तर कॅमेरा दाराबाहेर ठेवायला सांगेन. त्यानं ऐकलं नाही तर दार लावून घेईन, आणि त्याबद्दल कुणी मला दोष देऊ नये. ऐकलं तर आत बसवेन, जे विचारायचं ते विचारेन, आणि त्यानं दिलेली उत्तरं कागदावर लिहून घेईन.

तुमच्याकडे असा कागद आहे का? सप्टेंबर २०१९ मध्ये तुमच्या सोसायटीत कोण आलं, भिंतीबद्दल आणि पंचनाम्याबद्दल काय बोललं, त्यातलं आजपर्यंत काय झालं, हे शेजाऱ्यांना विचारून मला पाठवा. पक्ष कुठलाही असो, तारखांसकट मी ते इथे छापेन. तुमचं नाव नको असेल तर घालणार नाही.